मामा म्हणतात, एबीएस काढून टाक

(गॅरेजच्या बाकावरून : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : काका, आम्ही धायरीत राहतो. मुलाला कॉलेजला जायला १६० सीसीची सेकंडहँड मोटारसायकल घेतली, २०२१ची. तिला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. माझा भाऊ, म्हणजे मुलाचा मामा, तीस वर्षं गाडी चालवतोय आणि एकदाही पडलो नाही असं सांगतो. त्याचं म्हणणं, एबीएसमुळे गाडी थांबतच नाही, पानशेतला जाताना त्याला स्वतःला अनुभव आला. तो मुलाला म्हणतो, "फ्यूज काढून टाक, दोन मिनिटांचं काम आहे." मुलगा एका पायावर तयार. मी काय करू?
– एक आई, धायरी

उत्तर : ताई, सर्वात आधी फ्यूज आहे तिथेच राहू द्या. उत्तर लांबणार आहे, तोवर मुलाच्या हाती पाने-पकडी लागू देऊ नका.

मामांना मी खोटं ठरवणार नाही. पानशेत रस्त्यावर मलाही तोच अनुभव आलेला आहे. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला नवे ब्रेक पॅड टाकले होते, म्हणून जरा लांबची चक्कर मारायला खडकवासल्याच्या पुढे गेलो. एका उतारावर डांबरीकरण अर्धवट सोडलेलं, वर बारीक खडी पसरलेली आणि खाली रोड रोलर आडवा उभा. माझा वेग पस्तीस-चाळीस असेल. ब्रेक दाबले, तर गाडी ऐकेचना. लिव्हर बोटांना उलट ढकलायला लागली, बुटाखाली पेडल टकटक करायला लागलं आणि गाडी आपली खडीवरून सुरसुरत खाली चाललेली. रोलरच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबलो. रोलरवाला सावलीत डबा खात बसला होता. पोळीचा घास तोंडात तसाच ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला.

तिथे झालं काय, ते सांगतो. चाकाला एक दातेरी रिंग असते आणि तिच्यासमोर सेन्सर. रिंगचे दात सेन्सरसमोरून किती भराभर जातात त्यावरून गाडीतल्या कॉम्प्युटरला चाकाचा वेग कळतो. एखादं चाक अचानक फारच मंदावलं, म्हणजे आता ते जाम होणार. तेवढ्यात कॉम्प्युटर त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो, परत आवळतो, परत सैल करतो. हातापायाला लागते ती टकटक याचीच. डांबरावर हे उत्तम चालतं, कारण चाक जाम होण्याच्या अगदी काठावर असतं पण फिरत असतं, तेव्हाच रबर रस्त्याला सर्वात घट्ट धरतं. खडीत मात्र उलटं होतं. जाम झालेलं चाक खडीत रुततं, पुढ्यात खडीचा ढीग लोटतं आणि तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाकाला रुतूच देत नाही. त्यामुळे सुटी खडी, वाळू, मोकळा मुरूम असेल तर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. मामा मातीत मागचं चाक जाम करून गाडी थांबवत असणार. माझ्या पिढीतले सगळेच तसं करतात, आणि मातीत ते बरोबर आहे. डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी बनवलेल्या काही मोटारसायकलींना मागच्या चाकाचा एबीएस बंद करायचं बटण कंपनीच देते, ते याचसाठी.

पण ताई, तुमचा मुलगा कॉलेजला जाताना पानशेतच्या खडीतून जाणार आहे का? तो सिंहगड रोडनं जाणार. डांबर, काँक्रीट, झेब्रा क्रॉसिंगचे गुळगुळीत पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, मध्येच स्टॉपकडे वळणारी पीएमपीची बस. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं वर्षभराचं तेल वर येतं, तेव्हा दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी आडवा होतो.

त्या रस्त्यावर एबीएस नसला तर काय होतं, याची खूण माझ्या उजव्या कोपरावर आहे. विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. लक्ष्मी रोडवर गुलालाचा थर, त्यावर बारीक भुरभुर पाऊस. गुलाल भिजला की शेवाळापेक्षा वाईट. माझ्याकडे तेव्हा जुनी टू-स्ट्रोक गाडी होती, पुढे ड्रम ब्रेक. कुत्रं आडवं आलं आणि मी करकचून पुढचा ब्रेक दाबला. वेग तीससुद्धा नसेल. पडलो हे मला पडल्यावर कळलं. मधलं काहीच आठवत नाही, हँडल हातातून गेल्याचंही नाही. ढोलाच्या टिपऱ्या गोळा करणारी पोरं धावत आली. पँटचा गुलाबी रंग शेवटपर्यंत गेला नाही, ती मी पुढे ऑइल बदलताना घालायला ठेवली.

मागचं चाक जाम झालं तर गाडी शेपूट हलवते, पण सरळ रस्त्यावर माणूस बहुतेक वेळा सावरतो. पुढचं जाम झालं की संपलं. सायकल शिकताना आठवा, हँडल किंचित इकडेतिकडे वळवतच आपण तोल धरतो. मोटारसायकलवरही तेच करतो, फक्त आता लक्षात येत नाही. पुढचं चाक फिरायचं थांबून नुसतं घसरायला लागलं की हँडल वळवून काही होत नाही आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत गाडी झोपते.

या भीतीनं पुण्यातल्या निम्म्या लोकांनी एक सवय लावून घेतली आहे : पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही. "पुढचा दाबलास तर पालथा पडशील" हे वाक्य बापानं मुलाला सांगितलं, मुलानं नातवाला सांगितलं. गॅरेजला येणाऱ्या गाड्यांचे पॅड पाहिले की मला मालक कळतो. मागचा झिजून कागद, पुढचा कोरा करकरीत. आणि खरी थांबायची ताकद तर पुढेच असते. ब्रेक मारल्यावर डबलसीट बसलेलं माणूस तुमच्या पाठीवर येऊन आदळतं ना? तसंच सगळ्या गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं. जोराचा ब्रेक असेल तर चार भागांतले तीन भाग वजन पुढे, मागचं चाक जवळजवळ हलकं. हलकं चाक काय थांबवणार? ६० किलोमीटरच्या वेगात कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी अठरा-वीस मीटरमध्ये थांबू शकते. एकट्या मागच्या ब्रेकवर त्याच्या दुप्पट अंतर लागतं. शिवाय त्या वेगात एका सेकंदाला गाडी जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे 'अरे!' म्हणून ब्रेककडे बोटं जाईपर्यंतच बसएवढं अंतर गेलेलं असतं.

माझ्या मते एबीएसचा खरा उपयोग इथे आहे. गाडी चमत्कारानं लवकर थांबते असं नाही. कोरड्या रस्त्यावर, सावध असताना, मुरलेला चालवणारा एबीएसशिवायही तेवढ्याच अंतरात थांबेल, एखादे वेळी त्याच्याही आत. मामा त्यातले असतील, मला मान्य आहे. पण माणूस घाबरला की बोटं मूठ करतात, तीस वर्षांचा अनुभव असो नाहीतर तीन महिन्यांचा. मीही गुलालावर तेच केलं आणि तेव्हा मी स्वतःला उस्ताद समजत होतो. एबीएस असला की घाबरून दाबलेल्या ब्रेकनंही गाडी आडवी होत नाही, आणि आडवी न झालेली गाडी वळवता येते. हे भानगडीचं यंत्र कोणी काल शोधून आपल्या गळ्यात मारलेलं नाही. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूनं के १०० वर ते पहिल्यांदा दिलं, तेव्हा त्याचं वजन ११ किलो होतं. आज ते किलोच्या आत आलंय. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला ते सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेनं तिथल्या अपघातांची नोंद तपासली, तेव्हा त्याच मॉडेलच्या एबीएस नसलेल्या गाड्यांपेक्षा एबीएसवाल्यांचे जीवघेणे अपघात २२ टक्क्यांनी कमी निघाले. मामा म्हणतील, तिकडे जादा पैसे मोजून एबीएस घेणारा मुळातच जपून चालवणारा असेल. असेलही. तरी मी फ्यूज काढणार नाही.

आता ज्या गोष्टी मुलाला सांगायलाच हव्यात त्या सांगतो.

सिग्नलच्या आधी ओळीनं बारके स्पीडब्रेकर असतात, त्यांच्यावरच ब्रेक दाबला तर चाक क्षणभर हवेत उडतं. हवेतलं चाक ब्रेकनं लगेच थांबतं. एबीएसला वाटतं चाक जाम झालं, म्हणून तो ब्रेक सोडतो. त्या क्षणी पोटात गोळा येतो, ब्रेक गेलाच असं वाटतं. गेलेला नसतो, चाक टेकलं की परत येतो. पण अंतर जातं ते जातंच. म्हणून ब्रेक त्या पट्ट्यांच्या अलीकडे मारून घ्यायचा.

आणि ती टकटक. गेल्या पावसाळ्यात एक इंजिनीअरिंगचा मुलगा वाकलेलं हँडल घेऊन माझ्याकडे आला. पौड फाट्याजवळ रिक्षा अचानक थांबली, त्यानं ब्रेक दाबला, लिव्हर थरथरली. "काका, ब्रेकमध्ये काहीतरी तुटल्यासारखं वाटलं म्हणून मी सोडला." सोडला! एबीएस आपलं काम करत होता आणि ह्यानं त्याचा हातच काढून घेतला. रिक्षाच्या मागच्या बंपरवर गेला. गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं आणि दीड वर्षात त्याला ती टकटक एकदाही जाणवलेली नव्हती. शोरूममध्ये गाडीला हार घालून पेढा देतात, फोटो काढतात, पण ब्रेक दाबून दाखवत नाहीत.

म्हणून रविवारी सकाळी, रस्त्यावर कुत्रं-माणूस नसताना, मुलाला सरळ, कोरड्या, सपाट रस्त्यावर न्या. हेल्मेट आणि बूट हवेत, चप्पल चालणार नाही. मागे कोणी येत नाही ना, हे बघायला कोपऱ्यावर तुम्ही स्वतः उभ्या राहा. तीसच्या वेगात आधी फक्त पायाचा ब्रेक, सगळा जोर देऊन. बुटाखाली टकटक लागली तरी गाडी थांबेपर्यंत पाय काढायचा नाही. पाच-सहा वेळा झालं की मग पुढचा ब्रेक, आधी अलगद घेऊन, मग आवळत. हँडल सरळ, नजर लांब. टकटक ओळखीची झाली की खऱ्या वेळी हात सुटत नाही. मामांनाही बरोबर न्या. त्यांना करून बघायचं असेल तर हेल्मेटचा आग्रह जास्त धरा, ते घालणार नाहीत.

पानशेतला मात्र मामांचंच ऐकायला सांगा. खडी दिसली की आधीच वेग उतरवायचा, मग ब्रेकचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : नवीन गाडी घेतोय. सिंगल चॅनल एबीएस काही हजारांनी स्वस्त आहे. ड्युअल घ्यावा का?
– हडपसरचा एक वाचक

उत्तर : सिंगल म्हणजे एबीएस फक्त पुढच्या चाकाला. वर लिहिलंय तसं जीव घेतं ते पुढचं चाक, त्यामुळे सिंगल म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही. मागचं चाक पावसात शेपूट हलवेल तेवढं सांभाळावं लागेल. रोज डबलसीट जाणार असाल, किंवा पायाच्या ब्रेकवर उभं राहायची सवय असेल, तर ड्युअल घ्या. पैसे खरोखर नसतील तर सिंगल घ्या आणि उरलेल्यातून चांगलं हेल्मेट. मागच्या टायरची नक्षी झिजून सपाट झाली तरी "अजून दोन महिने चालेल" म्हणणारे लोक माझ्याकडे ड्युअल चॅनलची चौकशी करतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

प्रश्न : आम्ही मित्र दर पावसाळ्यात ताम्हिणीला जातो. एबीएस असल्यावर वळणात बिनधास्त ब्रेक मारता येतो का?
– चार मित्र, वारजे

उत्तर : नाही. चौघांनाही नाही.

गाडी कललेली असते तेव्हा टायरची निम्मी पकड तिला वळवण्यातच खर्च झालेली असते. साध्या एबीएसला गाडी कललीय हे कळतच नाही, त्याला फक्त चाकाचा वेग दिसतो. वळणात कचकन ब्रेक मारलात तर एक तर घसराल, नाहीतर गाडी उभी होऊन वळण सोडून सरळ जाईल, आणि ताम्हिणीत सरळ म्हणजे दरी किंवा समोरून येणारा टेम्पो. कललेली गाडी ओळखणारा एबीएस निघाला आहे, आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्येसुद्धा तो आहे. तोही पकड वाढवत नाही, असलेली जपून वापरतो. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. आणि धबधब्याखाली रस्त्यावर गाडी उभी करून फोटो काढू नका, मागून येणाऱ्याकडेही एबीएस असेलच असं नाही.

प्रश्न : माझ्या नव्या स्कूटरवर सीबीएस असं लिहिलं आहे. मुलगा म्हणतो तेच एबीएस. खरं का? मी निवृत्त शिक्षिका आहे, मला नेमकं उत्तर हवं.
– सदाशिव पेठ

उत्तर : बाई, मुलाला नापास करा. सीबीएसमध्ये डाव्या हाताचा, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडासा पुढचाही आपोआप लागतो. आयुष्यभर पुढच्या ब्रेकला न शिवणाऱ्यांसाठी केलेली ही सोय आहे. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस यांपैकी एक असावंच, असा नियम २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला, आणि सीबीएस स्वस्त म्हणून बहुतेकांनी तेच दिलं. पण चाक जाम होणं तो थांबवत नाही. तुमच्या स्कूटरला पुढेही ड्रम ब्रेक असेल तर हे काम केबलवर चालतं आणि केबल ताणते. सर्व्हिसिंगला देताना "दोन्ही केबल बघा" असं सांगा, आणि बघितल्या का तेही विचारा. शिक्षिका आहात, विचारायला शिकवायला नको.

प्रश्न : चेन साफ करायला गाडी मेन स्टँडवर लावली, इंजिन चालू करून गिअर टाकला आणि चाक फिरवत चेन पुसली. तेव्हापासून मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागलाय. सेन्सर गेला का? किती खर्च येईल?
– औंध

उत्तर : इंजिन चालू ठेवून चेन पुसता? तुमच्याकडे बोटं किती आहेत? अशा बोटांचे तुकडे घेऊन ससूनला पळालेला माणूस मी पाहिलाय. चेन साफ करताना इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं.

सेन्सर गेलेला नसावा. मागचं चाक जोरात फिरतंय आणि पुढचं जागेवर आहे, असं रस्त्यावर कधी होत नाही, म्हणून कॉम्प्युटर गोंधळतो आणि दिवा लावून स्वतः बाजूला होतो. तेव्हा साधा ब्रेक चालू असतो, फक्त एबीएस नसतो. एरवीसुद्धा किल्ली फिरवली की हा दिवा लागतोच आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. तो कधीच लागत नसेल तर जास्त काळजी करा, कोणीतरी बल्बच काढलेला असतो. सेकंडहँड गाडी घेताना हे आधी बघायचं, धायरीच्या ताईंनीही बघावं.

दिवा खरोखर राहिलाच तर तीन-चार गोष्टी निघतात. पंक्चर काढताना पंक्चरवाल्यानं दातेरी रिंगला टॉमी लावून ती वाकवलेली असते. सेन्सरवर चिखल बसलेला असतो. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली असते, पेठांत हे फार. किंवा बॅटरी मेलेली असते. यातली निम्मी कामं ओल्या फडक्यानं होतात. एकदम नवं युनिट घ्यायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या गॅरेजला दाखवा. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, दिवा असो वा नसो. ते हवेतला ओलावा ओढतं आणि एबीएसच्या आतल्या बारक्या झडपांना गंज चढवतं. तो खर्च मात्र मोठा.

आत्ता असं करा. किल्ली काढा, परत लावा, गाडी स्टँडवरून उतरवा आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. दिवा गेला तर माझ्याकडे येऊ नका.